सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड थांबत नाही. कोल्हापुरात काउन्सेलिंगला कोण गेलंय का?

शिरोली_ते_शाहूपुरी | रविवार, रात्री १.१०

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसा, तालमीतली पोरं हसून झाल्यात. वय ३९, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर कास्टिंगमधले ब्लोहोल आणि क्रॅक शोधायचे. घरी आलो की तेच काम स्वतःच्या अंगावर चालू.

दोन वर्षांमागं आमच्या पेठेतला एक मित्र गेला. माझ्याच वयाचा, फुटबॉल खेळणारा गडी, रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर उभा होतो तिथंच पहिल्यांदा छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यागत. तेव्हापासून जे मागं लागलंय ते लागलंयच. चार ईसीजी, दोन टूडी इको, एक टीएमटी, एक एंडोस्कोपी, डोक्याचा एमआरआय, फुल बॉडी चेकअप दोनदा. परवा बायकोनं सगळ्या पावत्या एका पिशवीत घालून बेरीज केली, ४७ हजार.

सगळं नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की दवाखान्याचा जिना उतरताना जग जिंकल्यागत वाटतं, येताना गंगावेशीत कट्ट्यावर थांबून धारोष्ण दूध प्यायचं, आणि घरी येऊन फाईल परत उघडली की बारीक अक्षरात 'ट्रिव्हियल एमआर' दिसतंय, म्हणजे हृदयाच्या झडपेतनं किंचित रक्त मागं येतंय. डॉक्टर म्हणाले होते की हे निम्म्या लोकांच्यात असतंय, काही नाही. मग लिहिलंय कशाला? झालं, रात्री दोनपर्यंत मोबाईल.

बीपीचं मशीन घेतलंय, दिवसातनं दहा-पंधरा वेळा लावतो. मानेला डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आहे, सर्जननं बघून सोडून द्या म्हणून सांगितलंय, पण तावडे हॉटेलच्या सिग्नलला गाडी थांबली की बोट आपोआप तिथं जातंय.

शेवटच्या डॉक्टरनी सांगितलं काउन्सेलिंग घ्या. आता मला सांगा, दुखतंय छातीत आणि हा माणूस बोलून काय करणार? मी काय ढोंग करालोय का? कोण गेलंय का, काय होतं तिथं?

पांढरा_रस्सा | रविवार, सकाळी ८.०५

भावा तुझं निदान मी फुकटात करतो. रविवारी तांबडा, सोमवारी ईसीजी. दोन वाट्या कमी पी, ४७ हजार वाचतील 😀

खासबाग_कट्टा | रविवार, सकाळी ८.४०

रंकाळ्याला रोज दोन राऊंड मार, सगळं जातंय. रिकामं डोकं दुसरं काय.

शिरोली_ते_शाहूपुरी | रविवार, सकाळी ९.१५

@खासबाग_कट्टा गेलतो की. दुसऱ्या राऊंडला पल्स बघितली, १२४. चालताना वाढणारच हे मलापण कळतंय, पण तिथनं रिक्षा करून घरी आलो.

@पांढरा_रस्सा तू चेष्टेत बोललास पण पहिल्या ईसीजीच्या आदल्या रात्री खरंच रस्सा मंडळ होतं 😐

सातवी_गल्ली | रविवार, दुपारी ३.३०

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे अशा माणसाची बायको. दादा, तुम्ही लिहिलंय की बायकोनं पावत्या मोजल्या, ते वाचून पोटात तुटलं कारण मीही मोजल्यात.

आमच्यात रोज रात्री एकच कार्यक्रम. जेवण झालं की हे जीभ बाहेर काढून विचारणार, बघ गं पांढरी दिसतेय का. मी म्हणणार नाही हो. नीट बघ की, टॉर्च आण. टॉर्च आणून बघायचं, नाही म्हणायचं, मग अर्धा तास शांत. परत, तू नुसतं मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस ना? सात वर्षं. मी नर्स नाही डॉक्टर नाही, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, पण घरात मी दिवसाला दहा वेळा 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सर्टिफिकेट देत होते आणि चिडत होते, आणि चिडल्याचं परत मलाच वाईट वाटायचं.

आम्ही काउन्सेलिंगला का गेलो ते सांगते. आमची धाकटी तेव्हा दुसरीत होती. एकदा पळून दमून आली आणि मनगटावर दोन बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, पप्पांसारखं बघतेय मी मरत नाही ना. दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

उषाक्का_मंगळवारपेठ | रविवार, सायं. ५.१०

आमच्या वेळी याला धसका घेतला म्हणायचे. अमक्यानं धसका घेतला, तमक्यानं हाय खाल्ली. शब्द होते पण औषध नव्हतं, मीठमोहऱ्या ओवाळायच्या नाहीतर जोतिबाचा गुलाल लावायचा आणि कामाला लावायचं. माझ्या सासऱ्यांनी टीबीचा धसका घेतलावता, वीस वर्षं रोज सकाळी थुंकी बघायचे. गेले ते ८४ व्या वर्षी, तेही म्हातारपणानं. पण मधली वीस वर्षं कुणाच्यात बसून चहा प्याले नाहीत की नातवाचा मुका घेतला नाही, ती कोण परत देणार. जा बाळ तू, लाजू नकोस.

गल्लीतला_डॉक्टर | रविवार, रात्री १०.५०

जनरल प्रॅक्टिस करतो, २२ वर्षं झाली. ओपीडीत असे पेशंट जवळपास रोज असतात, त्यामुळं जरा लांब लिहितो.

ढोंग अजिबात नाही. भीती वाटली की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, छातीचे स्नायू आवळतात, ते तास-तासभर आवळून राहिले की खरंच दुखतात. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं तेही बऱ्याच निरोगी लोकांत होतं, ज्याचं लक्ष नसतं त्याला कळत नाही एवढंच. तेव्हा लक्षण खरं, लावलेला अर्थ चुकलेला.

नावाबद्दल. पूर्वी हायपोकॉन्ड्रिया म्हणत. मूळ ग्रीक शब्द, बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा, म्हणजे आपलं वरचं पोट, जुन्या लोकांना वाटायचं हा रोग तिथनं उठतो. पुढं ती शिवीच झाली. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेनं डीएसएम-५ हे मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक काढलं त्यात हे नाव काढून दोन वाटा केल्या. शरीराचा त्रास नाही किंवा किरकोळ आणि मोठ्या आजाराची भीती मात्र निदान सहा महिने ठाण मांडून, तर इलनेस अँक्झायटी. शरीराचा त्रास ठळक आणि त्याच्याभोवती विचार, वेळ, पैसा सगळं फिरतंय, तर सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जे २०२२ पासून लागू आहे, हायपोकॉन्ड्रियासिस ओसीडीच्या (मनात तीच शंका आणि परत परत तपासणं, तो आजार) भावकीत बसवलाय. मला ते जास्त पटतं. कुलूप लावलं का म्हणून पाच वेळा परत येणारा माणूस आणि दिवसात पंधरा वेळा बीपी बघणारा माणूस, यांच्यात मला फार फरक दिसत नाही.

आणि थोडी आमचीही चूक कबूल करतो. पेशंट घाबरलेला आहे हे दिसत असतं, समजावून सांगायला वीस मिनिटं लागतात, बाहेर तीस माणसं बसलेली, ईसीजी काढून टाकला की तो खूश आणि आपण मोकळे. पण आपण त्याला शिकवतो काय, की तुझ्या भीतीचं उत्तर मशीनमध्ये आहे.

एक सक्त सूचना. छातीवर मोठा दाब, घाम, दुखणं हाताला किंवा जबड्याला जातंय, एका बाजूची ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर हा धागा वाचत बसू नका, १०८ लावा. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, नवीन गाठ, हे एकदा नीट दाखवायचंच. हेल्थ अँक्झायटीवाल्याला, म्हणजे आजाराचीच भीती असणाऱ्यालाही आजार होतो. पण एका डॉक्टरला, एकदा. पाच जणांना पाच वेळा नको.

लॅबवाला | सोमवार, सकाळी ७.३०

फुल बॉडी चेकअपवर जरा बोलू का, आमचाच धंदा आहे त्यामुळं मालकानं वाचलं तर आजच सुट्टी 😅

रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज असती ती कशी काढत्यात, तर निरोगी लोकांची टेस्ट करून मधले ९५ टक्के धरत्यात. म्हणजे धडधाकट १०० माणसांतली ५ त्या रेंजच्या बाहेर जाणारच, त्यांना काय झालेलं नसतंय. हे एका टेस्टचं. आता पॅकेजमध्ये ७०-८० टेस्ट. नुसत्या २० धरल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं समजलं तरी निरोगी १०० जणांतल्या ६४ जणांच्या रिपोर्टमध्ये कुठंतरी एकतरी आकडा ठळक अक्षरात येणारच. हिशोब करून बघा. आणि तो ठळक आकडा बघून काउंटरवर माणसाचा चेहरा कसा उतरतोय ते मी रोज बघतोय. एकजण बिलिरुबिन १.३ बघून तिथंच खाली बसला, पाणी दिलं.

इचलकरंजीकरीण | सोमवार, दुपारी १२.२०

इथं सगळे सारखे तपासणारे दिसतात, मी उलटी. आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली, मी तेव्हा कॉलेजला. त्यानंतर मी अकरा वर्षं एकही टेस्ट केली नाही. बाळंतपणात ज्या कराव्याच लागल्या तेवढ्याच. मैत्रिणीच्या घरी कुणी आजारी असेल तर जात नाही, टीव्हीवर हॉस्पिटलचा सीन आला की चॅनेल बदलते, स्वतः अंघोळ करताना हात तिकडं जाऊ देत नाही. लोकांना वाटतं किती धीट, हिला दवाखाना माहीतच नाही. मी रोज रात्री त्याच भीतीनं झोपते. ह्याला पण हेच म्हणतात का?

ऐकणारी | सोमवार, रात्री ९.४५

@इचलकरंजीकरीण हो ताई, हेच. एकजण भीतीपोटी सारखा दवाखान्यात जातो, दुसरी त्याच भीतीपोटी दवाखान्याची गल्लीच टाळते. दोघंही भीतीला विचारून दिवस काढतात. तुमच्या बाबतीत घरची हिस्टरी असल्यानं डॉक्टरांना एकदा भेटून, कुठली तपासणी कधीपासून, हे ठरवणं गरजेचंच आहे, आणि तिथपर्यंत पोचायला काउन्सेलिंगची मदत होते. पहिल्या सेशनला कोण तुम्हाला मशीनखाली उभं करत नाही. मी एकीबरोबर पहिल्या आठवड्यात नुसतं 'मॅमोग्राफी' हा शब्द कागदावर लिहायचं काम केलंय, दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या गेटपर्यंत जाऊन परत.

आता मूळ प्रश्न, बोलून काय करणार. मी हेच काम करते म्हणून सांगते, आम्ही धीर देत नाही. धीर तुम्हाला दोन वर्षं पुष्कळ मिळालाय, बायकोनं दिला, चार ईसीजीनी दिला, इकोवाल्यानं दिला. तो किती टिकला? गंगावेशीपासून घरापर्यंत. आणि दर वेळी मेंदू काय लक्षात ठेवतो, की वाचलो ते ईसीजी काढला म्हणून. पुढच्या वेळी भीती आली की तो परत ईसीजी मागणार. साधारण १९८६ च्या सुमाराला सॉलकोव्हस्किस आणि वॉरविक या दोघांनी हे चक्र मांडलं आणि आजची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी, त्यावर उभी आहे. अंगात काहीतरी जाणवतं, त्याचा सगळ्यात भयंकर अर्थ लागतो, भीती, मग तपासणं, विचारणं, गूगल, तात्पुरतं बरं, परत शंका. आम्ही हात घालतो तो तपासण्याला आणि विचारण्याला.

आपल्याकडं कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची आरईबीटी, म्हणजे हट्टी विचार तपासून बदलायची थेरपी, मराठीत आणली, त्यातलं मी फार वापरते. त्यात मराठीचा एक फायदा आहे, आपल्याकडं 'च' आहे. "मला काही नाही हे कळलं पाहिजे" ही इच्छा झाली. "कळलंच पाहिजे" हा हट्ट झाला. आणि शंभर टक्के खात्री कुठला डॉक्टर, कुठलं मशीन देऊ शकत नाही, मलाही नाही. तो च काढायला साधारण आठ-बारा सेशन लागतात, काहींना जास्त.

पांढरा_रस्सा | सोमवार, रात्री १०.३०

म्हणजे बोलायचे पैसे घेणार आणि धीर पण देणार नाही. भारी धंदा आहे हा 😂

गल्लीतला_डॉक्टर | सोमवार, रात्री ११.१५

@पांढरा_रस्सा चेष्टा राहू दे. इंग्लंडात ४४४ पेशंटवर याची ट्रायल झाली, लॅन्सेटमध्ये २०१४ ला आली. पेशंट वेड्यांच्या दवाखान्यातले नव्हते, हृदय, पोट, मेंदू, श्वास अशा साध्या ओपीडीत बसलेले. निम्म्यांना सीबीटी, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सीबीटीवाल्यांची भीती जास्त उतरली आणि दोन वर्षांनीही फरक टिकून होता. थेरपी देणाऱ्यांत ट्रेनिंग घेतलेल्या नर्सही होत्या.

सातवी_गल्ली | मंगळवार, सकाळी ६.१५

राहिलेलं. आमच्या काउन्सेलरनी एक सेशन फक्त माझं घेतलं. मला वाटलं होतं कसं समजवायचं ते सांगतील, तर म्हणाल्या, आजपासून उत्तर देणं बंद. जीभ बघायची नाही. 'काही नाही हो' म्हणायचं नाही. म्हणायचं काय, तर "तुम्हाला आत्ता भीती वाटतेय हे दिसतंय मला. आपलं ठरलंय, मी उत्तर देणार नाही. चला, गच्चीवर कपडे काढायचेत." पहिल्या रात्री ह्यांनी ताट सरकवलं. मला दगड झाली आहेस म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून विचारणं दहाचं चारवर आलं. पण घरच्यांनी स्वतःच्या मनानं एकदम असं सुरू करू नका, आधी दोघांनी मिळून बसून ठरवा, नाहीतर त्या माणसाला वाटतं हिनं टाकलं मला.

खासबाग_कट्टा | मंगळवार, सकाळी ९.००

ते सगळं खरं पण जायचं कुणाकडं? बोर्ड तर गल्लोगल्ली लागल्यात. आणि तिथं बसलेलं कुणी बघितलं तर? आपलं गाव म्हणजे महाद्वार रोडला शिंकलं की राजारामपुरीत कळतंय.

ऐकणारी | मंगळवार, दुपारी २.००

बोर्ड बघताना एवढं लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं त्यातलं पोस्टग्रॅज्युएशन केलेले डॉक्टर, गोळ्या हे लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन असतं, सरळ नंबर विचारा, रागावणाऱ्याकडं जाऊ नका. काउन्सेलर बहुतेक सायकॉलॉजीत एमए असतात. फोनवरच विचारा, हेल्थ अँक्झायटीच्या केसेस केल्यात का, सीबीटी किंवा आरईबीटी करता का, घरी करायला काही देता का. घरचा अभ्यास नाही असं म्हणाले तर दुसरं दार बघा.

पैशाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि बघितलं कुणी तर, ज्यांना वाटतं त्यांनी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ लावा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. झोप पार उडाली, जेवण तुटलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञ गाठा. गोळ्यांना लाजू नका, त्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते, म्हणून घाबरून मनानं सोडू नका, डॉक्टरला फोन करा.

शिरोली_ते_शाहूपुरी | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.२०

गेलो. दोन सेशन झाली. ८०० रुपये एका वेळेला, पाऊण तास. बसायच्या खोलीत आमच्या फौंड्रीतला पॅटर्न शॉपचा माणूस भेटला, दोघंपण दोन मिनिटं फिश टँककडंच बघत होतो 😄 आता जाताना एकत्र जातो, पेट्रोल वाचतंय.

पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही 'काही होत नाही' म्हणाल्या नाहीत. मग घशातल्या गाठीचा विषय निघाला. म्हणाल्या, आत्ता सलग दहा वेळा गिळून दाखवा, पाणी न पिता, पटापट. तुम्ही पण करून बघा वाचताना. तीन वेळा गेलं, चौथ्याला ओढून, पाचव्याला घसा हलेचना, आणि तिथं अगदी तीच गाठ. तीच! जी मी एंडोस्कोपीवाल्याला बोटानं दाखवत होतो. बाई पण माझ्यासमोर गिळून दाखवत होत्या, त्यांचापण सहाव्याला अडकला. म्हणजे दोन वर्षं मी दिवसभर गाठ आहे का बघायला गिळत होतो आणि गिळून गिळून गाठ करत होतो.

मानेच्या गाठीचं पण तसंच. उजव्या दंडावर पेननं एक टिंब काढलं, तिथं दिवसातनं वीस वेळा जोरात दाबायचं, आठवडाभर. पाचव्या दिवशी तिथं हात लागला तरी दुखालतं.

आणि भाकरी. मला डोकेदुखीची भीती आहे, ट्यूमरची. कागदावर मोठा गोल काढायला लावला, म्हणाल्या ही भाकरी समजा, आता डोकं कशाकशानं दुखतं ते सांगा आणि प्रत्येकाला तुकडा द्या, ट्यूमर सगळ्यात शेवटी. झोप नाही, तुकडा. चहा चुकला, तुकडा. भट्टीजवळचा उकाडा, चष्म्याचा नंबर, सर्दी, मान अवघडणं, रात्री दोनपर्यंत मोबाईल, ह्याला मोठा तुकडा. शेवटी ट्यूमरला जे राहिलं ते एवढंसं, कडंची पापडी पण नाही म्हणा की.

बीपीचं मशीन बंद करायला जमलं नाही अजून. पंधराचं सहावर आलंय. गूगलला 'काळजीची वेळ' दिलीय, संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, त्या आधी शंका आली तर वहीत लिहून ठेवायची. गंमत म्हणजे साडेसहाला वही उघडली की निम्म्याचं काय वाटतच नाही.

लॅबवाला | शनिवार, रात्री १०.४०

मी गिळून बघितलं. सहाव्याला अडकलो.

उषाक्का_मंगळवारपेठ | शनिवार, रात्री १०.५५

मी चारच. दातांची कवळी आहे.

शिरोली_ते_शाहूपुरी | पुढच्या महिन्यात, गुरुवार, पहाटे ३.४०

परत पडलो. ऑफिसातल्या एकाच्या भावाला ॲटॅक आला, वय ३६. ऐकल्यापासून चार दिवस सगळं पहिल्यासारखं. आज रात्री ११ ला एका दवाखान्यात जाऊन परत ईसीजी काढून आलो, बायकोला सांगितलं पण नाही, मित्राकडं जातो म्हणून गेलो. ड्यूटीवरचा पोरगा पट्टी बघून म्हणाला काका तुमचाच ईसीजी आमच्यात सगळ्यात चांगलाय. लाज वाटालीय. सात सेशनचे पैसे पाण्यात.

सातवी_गल्ली | गुरुवार, सकाळी ६.००

दादा, वहिनींना आज सांगा, लपवून ठेवू नका. आमचे हे तीन वेळा असं करून आलेत. एकदा तर मला भाजी आणायला म्हणून गेले आणि सोनोग्राफी करून आले, भाजी विसरली.

ऐकणारी | गुरुवार, सकाळी १०.३०

पाण्यात नाही गेले. पूर्वी अशी बातमी ऐकल्यावर किती दिवसांनी ईसीजी काढला असता?

शिरोली_ते_शाहूपुरी | गुरुवार, दुपारी १.१५

त्याच रात्री. आणि दुसऱ्या दिवशी इको.

ऐकणारी | गुरुवार, दुपारी १.२०

आज इको?

शिरोली_ते_शाहूपुरी | गुरुवार, दुपारी १.२२

नाही. आज डबा खाल्ला आणि इथं लिहालोय.

(बायकोला फोन करून सांगितलं. शिव्या बसल्या.)

इचलकरंजीकरीण | आणखी दोन महिन्यांनी, सोमवार, सायं. ७.००

कुणाला आठवत असेन का माहीत नाही. आज डॉक्टरांना भेटून आले. अकरा वर्षांनी. कधी काय तपासायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलंय, पुढच्या महिन्यातली तारीख आहे. भीती गेलेली नाही, एसटीत परत येताना हात थरथरत होते. आईचा फोटो कपाटात उलटा ठेवलेला होता तो सरळ केला.

पांढरा_रस्सा | सोमवार, रात्री ९.३०

ताई 🙏

आणि एक. मी इथं पहिल्या दिवशी चेष्टा केलती. माझ्या गाडीच्या डिकीत २०२१ पासून ऑक्सिमीटर आहे, दोन वेळा सेल बदलल्यात. कोविड जाऊन किती वर्षं झाली. रोज गाडी काढताना एकदा बोट घालतो. कुणाला माहीत नाही. ९८ येतंय. रोज ९८ येतंय.

शिरोली_ते_शाहूपुरी | सोमवार, रात्री १०.०५

भावा, शनिवारी साडेपाचला माझं सेशन आहे, शेवटून दुसरं. गाडीवर मागं जागा आहे, पॅटर्न शॉपवाल्याचं कोर्स संपलं. बाईंना विचारून ठेवतो.

माझं बीपी मशीन आता सासऱ्यांच्यात कळंब्याला आहे, त्यांना खरंच बीपी आहे. बायको म्हणती सासुरवाडीला आता जरा जास्तच जाताय तुम्ही. मागच्या रविवारी गेलतो, मशीन टेबलावरच होतं, हात शिवशिवला, लावलं नाही. जेवताना मात्र तांबडा दोन वाट्या झाला, रात्री छातीत जळजळलं, जळजळतंय म्हणून वहीत लिहिलं आणि झोपलो.

नवीन_सभासद_कागल | मंगळवार, रात्री १२.५०

नमस्कार सगळ्यांना. पूर्ण धागा वाचला, खूप चांगली माहिती. माझा पण एक छोटा प्रश्न होता, वय २९, थायरॉइडचं टीएसएच ४.९ आलंय, रेंज ४.५ पर्यंत लिहिलीय, डॉक्टर म्हणाले आत्ता काही करायचं नाही, तीन महिन्यांनी परत बघू, दुसऱ्या दोन डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. तरी एकदा तुम्ही सांगा, काही नाही ना? फोटो टाकू का रिपोर्टचा?

शिरोली_ते_शाहूपुरी | मंगळवार, रात्री १२.५८

मित्रा तू पण जागाच म्हणायचा. फोटो टाकू नको. तिघांनी सांगितलंय, चौथा मी, फौंड्रीतला माणूस, मी सांगितलं तर तुला एकपर्यंत झोप लागेल आणि दीडला पाचवा शोधशील. मी सांगणार नाही. एक वही घे, त्यात लिही, आणि उद्या साडेसहाला उघड.

नवीन_सभासद_कागल | मंगळवार, रात्री १.०१

ओके. पण काही नाहीच ना?

लॅबवाला | मंगळवार, रात्री १.०३

च 😀